सेवाक्षम मुलगा

जी. हंबीरराव यांना वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी मुलगा झाला. सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट महिना होता. मुलगा साध्या टपालानं आला.

पत्र उघडलं ते राजलक्ष्मीनं. ती हंबीररावांची एकुलती एक मुलगी. वय सेहेचाळीस, लग्न नाही, बंगळुरातल्या शिवाजीनगरात एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची नोकरी. पत्राचा कागद लांबलचक होता, दोन्ही कडांना भोकं पाडलेला, आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांची इंग्रजी अक्षरं होती. मजकूर असा : आपला अर्ज मिळाला. संगणकीय छाननीत असं आढळून आलं, की रुग्णाच्या घरी सेवाक्षम मुलगा राहतो. मुलाचं नाव अण्णा. सबब, सरकारी खर्चानं घरी नर्स पाठवण्याची आवश्यकता दिसत नाही. त्याच्या खाली अगदी बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं आणि एक रिकामी चौकट होती. सरकारी कागदाच्या तळाशी अशी एक चौकट असतेच. दुकानात रोज पन्नास माणसांना पाटीवरची शेवटची ओळ वाचायला लावणारी राजलक्ष्मी तिथपर्यंत गेलीच नाही. तिची नजर मुलावरच अडकली.

घरात माणसं दोन. तरी तिनं एकदा मोरीत डोकावून पाहिलं.

हंबीरराव चौतीस वर्षं शाळेत पी.टी. मास्तर होते. दुसऱ्यांची मुलं डावीकडे आणि उजवीकडे वळवण्यात त्यांचा जन्म गेला. तीन वर्षांपूर्वी लकवा आला, उजवं अंग गेलं, आणि आता त्यांनाच दर दोन तासांनी कुणीतरी वळवावं लागे. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं, नाहीतर पाठीला जखमा होतील. राजलक्ष्मी सकाळी नऊला घर सोडायची ती संध्याकाळी साडेसहाला परतायची. मधल्या साडेनऊ तासांसाठी शेजारचे विठोजी होते. ते दुपारी दोनला येत. वय शहात्तर, छातीत दमा. ते एका झटक्यात हंबीररावांना कुशीवर वळवत आणि मग खुर्चीत बसून असे काही धापा टाकत, की हंबीररावच त्यांच्याकडे काळजीनं बघत राहत.

त्यामुळे जखम झालीच. कमरेच्या खाली, हाडावर. राजलक्ष्मी तिला धंद्याच्या सवयीनं मोजायची. जूनमध्ये ती लहान मुलाच्या चष्म्याच्या भिंगाएवढी होती. जुलैअखेर बाईमाणसाच्या. डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड नर्स येऊन साफ करून गेली पाहिजे आणि दिवसा वळवायला माणूस पाहिजे, नाहीतर विष अंगात भिनेल. "पावसाळा संपायच्या आत बघा काहीतरी," असंही म्हणाले. जणू छपराबद्दलच बोलत होते.

सरकारची घरशुश्रूषा योजना होती. नर्स आणि दिवसाची बाई, दोन्ही घरपोच. पूर्वी या योजनेची फाइल चौदा टेबलांवरून फिरायची आणि त्याला अकरा महिने लागायचे. अर्जदार साधारण नवव्या टेबलापाशी दगावायचे, त्यामुळे पुढच्या पाच टेबलांवर कामाचा ताण कमी असायचा. यंदा ही दिरंगाई मोडून काढण्यासाठी संगणक आणला होता. निकाल नऊ दिवसांत.

कार्यालय शिवाजीनगरातच होतं, तिच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. अर्ज द्यायला ती जेवणाच्या सुट्टीत गेली, तेव्हा चपला बाहेर काढून आत जावं लागलं. आत थंडगार हवा. संगणकाच्या कपाळावर हळदकुंकू. त्याची धूळ पुसायला दिवसभर एक माणूस नेमलेला, तोच संध्याकाळी त्याच्यावर पांघरूण घालायचा. वीज गेली तरी संगणकाला झटका बसू नये म्हणून पायाशी एक जड पेटी. राजलक्ष्मीनं आयुष्यात कुणाचा हेवा केला नव्हता. त्या दिवशी केला.

संगणकामागे निहार बसला होता. पुण्याचा मुलगा, पंचवीस वर्षांचा, कोरमंगलातल्या एका गॅरेजच्या माडीवर कंपनी होती तिथं नोकरीला. हा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता आणि पहिला महिना तो इथंच बसणार होता. बंगळुरात येऊन त्याला सात आठवडे झाले होते आणि अकरा कानडी शब्द येत होते. त्यांतला सगळ्यात आवडता, अण्णा. अण्णा म्हणजे मोठा भाऊ. कंडक्टरला अण्णा, पानवाल्याला अण्णा.

"मराठी?" राजलक्ष्मीचं पहिलं वाक्य ऐकून तो उडालाच. "अरे वा! बसा ना मॅडम. इथं कुणी मराठी भेटतच नाही."

राजलक्ष्मीलाही बरं वाटलं. सरकारी कचेरीत घरची भाषा बोलायची वेळ तिच्या सात पिढ्यांत कुणावर आली नव्हती. दोघंही मोकळेपणानं बोलले, आणि तिथंच घात झाला. कानडीत बोलले असते तर काही बिघडलं नसतं.

"पेशंटचं नाव?"

"जी. हंबीरराव."

"जी म्हणजे?"

"जी म्हणजे जी." जी म्हणजे गायकवाड हे आडनाव की गविपुरम ही वस्ती, यावर त्यांच्या घरात दोन पिढ्यांपासून वाद होता.

"बरं. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि अण्णा."

"अण्णा!" ओळखीचा शब्द भेटल्यामुळे निहार खुलला. "अण्णा काय करतात?"

"काय करणार? मलगलेत."

"मुलगाच ना?"

"हां, मलगलेतच. तीन वर्षं झाली. सगळा दिवस घरातच मलगून."

राजलक्ष्मीचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या घोड्यामागून चालत इकडे आलं होतं. घोडा परत गेला, हे राहिले. मधल्या काळात त्यांच्या मराठीत जे कानडी शिरलं ते त्यांना कानडी वाटतच नसे. वडिलांना ते अण्णा म्हणत. आणि आडवं होणं, झोपणं, याला कानडी 'मलगु'ला मराठी शेपूट लावून 'मलगणं' म्हणत. अण्णा मलगलेत, म्हणजे वडील अंथरुणाला खिळलेत. निहारला ऐकू आलं ते वेगळंच. मोठा भाऊ आहे, म्हणजे पेशंटचा मुलगा आहे, तीन वर्षं घरीच बसून आहे, आणि बाईंचे उकार जरा सैल आहेत. उच्चार सुधारणं त्याला असभ्यपणाचं वाटलं. त्यानं मुलाच्या रकान्यात 'वाय' दाबलं आणि नाव टाकलं, अण्णा.

"माझं नाव घातलं नाही?" उठताना राजलक्ष्मीनं विचारलं होतं.

"लागत नाही मॅडम. डॉटरचं फील्डच नाहीये. गव्हर्नमेंटनं जो फॉर्मॅट दिला त्यात वाइफ, सन आणि डॉटर-इन-लॉ, एवढेच."

"म्हणजे मी नाहीच?"

"उलट बरं ना," तो मनापासून म्हणाला. "तुमची काही अडचण येत नाही."

तर असा तो मुलगा झाला.

राजलक्ष्मीनं पत्र घेतलं आणि खाटेशी जाऊन बसली. लकव्यानं हंबीररावांचे बहुतेक शब्द नेले होते. उरलेले ते काटकसरीनं वापरत.

"अण्णा, नर्स नाही म्हणतात."

"का?"

"तुम्हाला मुलगा आहे म्हणून."

चेहऱ्याची डावी बाजू हलली. "कधी?"

"नऊ दिवसांपूर्वी. संगणकात."

"नाव?"

"अण्णा."

हंबीररावांनी डाव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि भुवई वर केली. मग त्यांच्या घशातून घुर्र असा आवाज आला. राजलक्ष्मी घाबरून उठली. मग तिच्या लक्षात आलं की ते हसतायत. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"हसा," ती म्हणाली. "पाठ कुजत चाललीय आणि हसा. उद्या दुपारी जाऊन नाव काढायला लावते."

त्यांनी हात हलवला. चष्मा मागितला. दोन वर्षं तो चष्मा कपाटात पडून होता, तिनंच घासलेली भिंगं. तिनं तो पुसून नाकावर ठेवला, पत्र समोर धरलं. ते बराच वेळ वाचत होते. मग उजव्या बाजूच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "लाव."

"कशाला?"

"असू दे की. स्वल्प दिवस."

तिनं वाद घातला नाही. उजव्या कुशीवर वळवलं की त्यांचं तोंड भिंतीकडे होई आणि डावा हात मोकळा वर राही. तिथं नाकासमोर नुसता पोपडे आलेला चुना होता. तिनं पत्राच्या वरच्या कडेला भाताची चार शितं चिरडून ते भिंतीला चिकटवलं. कागद इतका लांब होता, की त्याचं खालचं टोक खाट आणि भिंत यांच्या फटीत गेलं.

मुलगा व्हावा म्हणून आईनं सोळा वर्षं काय काय केलं होतं, हे राजलक्ष्मीला माहीत होतं, कारण ते उपास तिलाही घडले होते. हंबीररावांनी मात्र कधी काही बोलून दाखवलं नाही. फक्त त्यांची पितळी शिट्टी एका डबीत होती आणि लहानपणी तिनं ती मागितली, तेव्हा ते म्हणाले होते, "ती ठेवलीय." कुणासाठी ते सांगितलं नव्हतं. ती अजून ठेवलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कार्यालयात गेली. प्राणेश नावाचा कारकून होता. शांत, कपाळाला काळी उभी रेघ, कधीही घाई नसलेला. तो कानडीत बोलत होता, त्यामुळे गैरसमजाला जागा नव्हती.

"मुलगा काढायचाय," ती म्हणाली.

"काढता येत नाही."

"पण तो नाहीच."

"अक्का, असलेला मुलगा नाहीसा कसा होईल? लोक उद्या येऊन मुलं काढत बसतील. म्हणून ती सोयच ठेवली नाही. मारता मात्र येतो."

"काय?"

"मृत्यूचा रकाना आहे मुलाला. दाखला आणा, दोन मिनिटांत मारून देतो."

तेवढ्यात निहार चहा घेऊन आला. राजलक्ष्मीनं त्याला मलगणं म्हणजे काय ते करून दाखवलं, मान तिरकी करून गालाखाली हात घेऊन. निहारचा चहा बशीत सांडला. बशीतला चहा तो बघत राहिला.

"म्हणजे अण्णा म्हणजे... फादर? आणि मुलगा म्हणजे... आडवे?"

"हां."

"मॅडम, आय ॲम सो सॉरी. मी आत्ता आतून डिलीट करतो."

"कुठून आतून?" प्राणेश म्हणाला. त्याला मराठी येत नव्हती, पण 'डिलीट' येत होतं. "रोजची फ्लॉपी संध्याकाळी मुख्य कार्यालयात जाते. तिथं पोहोचलेला मुलगा इथून निघत नाही. दुसरा मार्ग म्हणजे नमुना सात. अर्जदारानं स्वतः, अधिकाऱ्यासमोर, मला मुलगा नाही असं लिहून अंगठा द्यायचा. आम्ही घरी येतो."

"त्याची बहीण म्हणून मी सही केली तर?" राजलक्ष्मी म्हणाली. तीन मिनिटांत तिलाही त्या मुलाची सवय झाली होती.

प्राणेशनं पडद्यावर खालीवर शोधलं. "बहीण इथं दिसत नाही."

"वय काय टाकलंय त्याचं?"

"वय सांगितलंच नव्हतं ना तुम्ही," निहार खालमानेनं म्हणाला. "ब्लँक सोडलं की शून्य घेतो."

"शून्य वर्षांचा?"

"हो."

"आणि सेवाक्षम?"

"ती अट," प्राणेश म्हणाला, "वयाला जोडलेली नाही."

नमुना सातसाठी तारीख मिळाली ती सतरा दिवसांनंतरची, कारण कार्यालयाची जीप संगणकाचे सुटे भाग आणायला व्हाइटफील्डकडे गेली होती आणि तिकडेच बंद पडली होती. या सतरा दिवसांत जखम पुरुषाच्या भिंगाएवढी झाली आणि तिला वास येऊ लागला. राजलक्ष्मी सकाळी "राइट टर्न" म्हणून त्यांना वळवायची. हुकूम ऐकला की हंबीररावांचं डावं अंग आपोआप थोडं साथ द्यायचं, आणि साथ दिली की तिच्या पाठीतून कळ थोडी कमी जायची. ते भिंतीकडे वळले की चष्मा मागत. तासन् तास पत्र वाचत. एकदा तिनं विचारलं, "इतकं काय वाचता?" तर म्हणाले, "सगळं."

विठोजींनी मात्र मुलगा स्वीकारला होता. दुपारी आत येताना ते विचारत, "मास्तर, चिरंजीव कुठे? बाहेर गेलेत? आजकालच्या पोरांना बापाकडे बघायला वेळ नाही." हंबीररावांना घुर्र येई. कधीकधी राजलक्ष्मीला वाटे, नर्सपेक्षा यानंच बरं वाटतंय की काय यांना. मग ती पट्टी सोडायची आणि तिला तसं वाटेनासं होई.

सप्टेंबरात, एका शनिवारी दुपारी, प्राणेश आणि निहार आले. प्राणेशच्या हातात नमुना सात आणि शाईची गादी. निहारच्या हातात डझनभर केळी, कारण पेशंटकडे रिकाम्या हातानं जाऊ नये असं त्याला आईनं शिकवलं होतं. हंबीरराव उताणे होते. प्राणेशनं कागद मोठ्यानं वाचला. मी खाली अंगठा देणार असं लिहून देतो, की मला मुलगा नाही आणि कधीही नव्हता.

मग त्यानं हंबीररावांचा डावा अंगठा गादीवर दाबला. चांगला निळा झाला. आता कागदावर टेकवायचा, तर हंबीररावांनी अंगठा आत घेऊन मूठ वळली.

"अण्णा, सोडा," राजलक्ष्मी म्हणाली.

मूठ तशीच.

"मास्तर, स्वल्प सोडा," प्राणेश म्हणाला.

"नाही," हंबीरराव म्हणाले. त्यांच्या पाच-सहा शब्दांतला हा सगळ्यात स्पष्ट होता.

"नाही म्हणजे मुलगा नाही का?" निहारनं आशेनं विचारलं.

"नाही," हंबीरराव पुन्हा म्हणाले, आणि कागदाकडे बोट दाखवायला म्हणून मूठ थोडी उघडली. "नव्हता... नाही." एवढ्यात दमले.

प्राणेशनं कागद गुंडाळला. अधिकाऱ्यासमोर अर्जदारानं मुलगा नाकारण्यास नकार दिला, अशी नोंद त्याला करावी लागणार होती आणि तसा रकाना नव्हता. "पुन्हा तारीख घ्या," तो दारात म्हणाला. निहार म्हणाला, "अक्का, मी काहीतरी करतो." महिन्याअखेर त्याच्या कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं. तोवर त्यानं तीन अर्ज केले होते. तिन्ही संगणकानं नऊ दिवसांत फेटाळले.

ते गेल्यावर राजलक्ष्मीनं हंबीररावांना उजव्या कुशीवर टाकलं. राइट टर्न म्हणाली नाही.

"कोण लागतो तो तुमचा?" ती त्यांच्या पाठीला म्हणाली. "तो वळवतो? तो धुतो? तीन वर्षं मी काय करतेय इथं? माझा साधा रकाना नाही कुठं, आणि तुम्हाला तो... तो शून्य वर्षांचा..." पुढे तिला शब्द सुचेना. "मुलगा पाहिजे का नर्स पाहिजे, एकदाच सांगा. दोन्ही मिळणार नाही."

 ती मागच्या अंगणात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. अर्ध्या तासानं आत आली तर हंबीरराव जोर लावून मान वळवायला बघत होते.

"केलं," ते म्हणाले.

राजलक्ष्मीनं सुस्कारा सोडला आणि फडकं, बादली, धुतलेली चादर घेऊन आली. बघितलं तर खालची चादर कोरडी ठणठणीत.

"कुठं केलंय? काही नाही."

"केलं."

"बरं, बरं." तिनं त्यांना सरळ केलं, खोबरेल तेलाचा बोळा घेऊन अंगठा पुसला. शाई बरीचशी आधीच उतरली होती. चादरीला लागली असणार म्हणून तिनं पुन्हा चादर पाहिली, तर तिच्यावर डाग नव्हता. डाग न सापडल्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. तिनंही घेतलं नाही.

रविवारी ते दोनदा म्हणाले, "केलं." दोन्ही वेळा तिनं चादर बघितली. सोमवारी ताप आला. मंगळवारी ते काहीच म्हणाले नाहीत. बुधवारी दुपारी दोनला विठोजी वळवायला आले आणि वळवून झाल्यावर धापा टाकत खुर्चीत बसले. बराच वेळ झाला तरी त्यांच्याकडे काळजीनं कुणी बघेना. तेव्हा त्यांना कळलं.

दहा दिवस झाले, बारा झाले, तेरा झाले. सगळं रीतीनं झालं. मुखाग्नी मुलगा देतो, म्हणून भटजींनी मुलगा कोण असं विचारलं, तेव्हा राजलक्ष्मी म्हणाली, "आहे, पण लहान आहे." आणि मडकं स्वतःच उचललं. भटजींना वाटलं, बाई दुःखानं भ्रमिष्ट झालीय. ते पुढचा मंत्र म्हणू लागले.

पण कार्यालयाची पोस्टकार्डं यायला लागली होती. नमुना सात अप्राप्त. स्मरणपत्र एक. नमुना सात अप्राप्त. स्मरणपत्र दोन. दर नऊ दिवसांनी, काटेकोर. चौथं कार्ड आलं तेव्हा ती मृत्यूचा दाखला घेऊन जेवणाच्या सुट्टीत गेली. चपला काढल्या.

"अरेरे," प्राणेश म्हणाला. मग पडद्यावर अर्ज काढला. "अर्जदाराला मृत्यूचा रकाना नाही, अक्का."

"का?"

"नऊ दिवसांत निकाल लागणार, तेवढ्यात कोण मरणार, असं धरलंय." त्यानं दाखला हातात घेतला. "काय नाव लिहिलंय? जी. हंबीरराव ऊर्फ अण्णा."

ते 'ऊर्फ' विठोजींनी सांगितलं होतं. गल्लीत त्यांना तसंच ओळखत, खोटं काही नव्हतं.

"अण्णा," प्राणेश पुन्हा म्हणाला. त्याच्या शांत चेहऱ्यावर एक विचार आला, थोडा रेंगाळला, आणि तिथंच बसला. "बंद तर करायलाच हवं. नाहीतर तुम्हाला जन्मभर कार्डं येतील." त्यानं मुलाच्या रकान्यात जाऊन, दाखल्याचा क्रमांक टाकून, अण्णाला मारलं. संगणक टिंग वाजला. धूळ पुसणाऱ्या माणसानं त्याच्यावरून मायेनं फडकं फिरवलं.

"झालं?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"झालं. आता काही येणार नाही."

नर्स आली ती नवव्या दिवशी.

रविवारची दुपार होती. हंबीररावांची खाट तशीच होती आणि राजलक्ष्मी तिच्यावर आडवी झाली होती. गेल्या काही दिवसांपासून तिची पाठ पूर्ण गेली होती. वळवायला कुणी नसतानाच ती जास्त दुखत होती. दार लोटलेलंच होतं. पांढऱ्या साडीतली, विशी-बाविशीची मुलगी पिशवी घेऊन आत आली, भिंतीवरचा हंबीररावांचा फोटो, हार, उदबत्तीचं घर, काहीही न बघता थेट खाटेशी आली.

"जी. हंबीरराव?" तिनं कार्डावरून वाचलं. मग खाटेवर बाई पाहून कार्ड उलटं करून पाहिलं. तिचं नाव सौम्या. दोन बस बदलून आली होती आणि हा तिचा पहिलाच आठवडा होता.

"ते गेले," राजलक्ष्मी पडल्यापडल्या म्हणाली. "महिना झाला, वर झाला."

"म्हणजे? मंजूर झालंय अक्का. मुलगा वारल्यामुळे घरी बघणारं कुणी नाही, तातडीचा रुग्ण, असं लिहिलंय." सौम्याचा आवाज रडवेला झाला. "मी परत जाऊन काय सांगू? संगणकात भरावं लागतं. जखम धुतली का, कूस बदलली का. दोन्हीला नाही लिहिलं तर मी आलेच नाही असं होतं. माझा त्या दिवसाचा पगार जातो."

राजलक्ष्मीनं तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या कपाळावर घाम होता आणि पिशवीतून कापसाची नवीकोरी गुंडाळी डोकावत होती.

"जखम नाही," राजलक्ष्मी म्हणाली. "कूस बदलून जा."

"तुमची?"

"दुसरं कोण मलगलंय इथं?"

"सरी, बरं," सौम्या म्हणाली. तिनं पदर खोचला, एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. सफाईनं. तीन वर्षांत राजलक्ष्मीला जे जमलं नव्हतं ते त्या पोरीनं एका श्वासात केलं. राजलक्ष्मी उजव्या कुशीवर, भिंतीकडे वळली.

पत्र अजून तिथंच होतं. या बाजूनं तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. पोपडे, मग सेवाक्षम मुलगा, मग अण्णा, आणि कागद फटीत जायचा तिथं उशी लागल्यानं त्याचं खालचं टोक वर उचललं गेलेलं. तिथं ती बारीक ओळ होती. पडलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून बरोबर एक वीत. राजलक्ष्मीनं वाचली. वरील माहिती चुकीची असल्यास अर्जदारानं खालील चौकटीत अंगठा करून हे पत्र टपालानं परत पाठवावं. अन्य नमुन्याची आवश्यकता नाही.

चौकटीत अंगठा होता. निळा, थोडा घसरलेला, पण बहुतेक चौकटीतच. शेजारी तीच शाई बोटानं ओढून काढलेली एक वाकडी खूण होती. आर म्हणजे राजलक्ष्मी, की नुसता घसरलेला हात, ते ठरवता येण्यासारखं नव्हतं.

सौम्या कार्डावर लिहीत होती. कूस बदलली, होय. लिहिता लिहिता तिनं पाठमोऱ्या बाईकडे बघितलं. खांदे हलत होते.

"दुखतंय का अक्का?"

राजलक्ष्मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"स्वल्प," ती म्हणाली.